स्टॉकहोमला चार रात्री: शेंगेन व्हिसाचा अर्ज, कागदपत्रं आणि खर्चाचा हिशेब

आधी एक गैरसमज दूर करू. सहलीचा बेत एकीकडे आणि व्हिसाची फाइल दुसरीकडे, असं शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, अर्जात चालत नाही. तुम्ही कुठे उतरणार, किती दिवस राहणार, पैसे कोण देणार आणि परत का येणार, हे सगळं अर्ज तपासणारा अधिकारी तुमच्या बेतातूनच वाचतो. म्हणून वहीत खर्चाचा हिशेब मांडा आणि मगच अर्जाला हात घाला.

स्वीडन शेंगेन गटात आहे, पण तिथलं चलन युरो नव्हे, क्रोना. अलीकडे एक क्रोना साधारण आठ ते दहा रुपयांच्या दरम्यान राहिला आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना पर्यटनासाठी ‘सी’ प्रकारचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं आणि पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात धरला जातो. ‘एटियास’ची चर्चा कानावर आली असेल तर ती सोडून द्या. प्रवासाआधी घ्यायच्या ऑनलाइन परवानगीची ती व्यवस्था ज्यांना व्हिसा लागत नाही अशा देशांच्या नागरिकांसाठी आहे.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, इथे बरेच जण चुकतात. विमान फ्रँकफर्टला बदलणार म्हणून जर्मनीकडे अर्ज करायचा नसतो. जिथे सर्वांत जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. स्टॉकहोम आणि डेन्मार्कमधलं कोपनहेगन दोन्हीकडे सारख्याच रात्री असतील तर आधी ज्या देशात प्रवेश करणार, त्याच्याकडे. अपॉइंटमेंट स्वीडनची सहज मिळतेय म्हणून कागदावर स्वीडन दाखवून पॅरिसला आठवडा काढायचा, असले सल्ले देणारे भेटतील. ऐकू नका. विमानतळावर हॉटेलचं बुकिंग दाखवायला सांगू शकतात.

गोव्यातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं. पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर तुम्ही युरोपीय संघाचे नागरिक आहात, व्हिसाचा प्रश्नच नाही. पण बायको किंवा नवरा भारतीय पासपोर्टवर असेल तर तिला किंवा त्याला व्हिसा लागतो. दोघं बरोबर जाणार असाल तर तो विनाशुल्क मिळतो आणि कागदपत्रंही कमी लागतात. मात्र विवाहाचा दाखला हवाच, आणि अर्ज करताना हे नातं स्पष्ट सांगायला हवं.

आता वेळेचं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण जास्त तपासणी लागली तर 45 दिवसांपर्यंत जाऊ शकतात. मे-जूनमध्ये जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्येच अपॉइंटमेंट पाहायला लागा. उन्हाळ्याच्या सुट्टीची गर्दी आपल्याकडून सुरू होते ना! अर्ज दूतावासाच्या वतीने कागदपत्रं घेणाऱ्या व्हीएफएस या खासगी कंपनीच्या केंद्रावर द्यायचा असतो, निर्णय मात्र स्वीडनचा दूतावास घेतो. केंद्रातल्या काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालून काही होत नाही.

शुल्क 2024 च्या जूनपासून मोठ्यांना 90 युरो आणि 6 वर्षं पूर्ण झालेल्या, पण 12 च्या आतल्या मुलांना 45 युरो आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. दहाही बोटांचे ठसे आणि फोटो देण्यासाठी स्वतः जावं लागतं. गेल्या 59 महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर ते सहसा पुन्हा वापरले जातात आणि बारा वर्षांखालच्या मुलांचे घेतच नाहीत.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि किमान दोन कोरी पानं असलेला हवा. फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा. सही केलेला अर्ज, जाण्या-येण्याचं विमानाचं आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो. व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारं तिकीट काढू नका, आरक्षण पुरतं. प्रवासी आरोग्य विमा किमान 30,000 युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. त्याच्या तारखा नीट पाहा. माझ्या पहिल्या अर्जाच्या वेळी विमा परतीच्या आदल्या दिवशीच संपत होता आणि ते काउंटरवर उघडकीला आलं. तिथेच बाकड्यावर बसून फोनवरून नवी पॉलिसी काढली.

पैशाच्या कागदांवर मात्र थोडं थांबू. स्वीडन दर माणशी दर दिवशी निदान 450 क्रोना एवढी तयारी दाखवायला सांगतं. चार रात्री म्हणजे पाच दिवस, माणशी 2,250 आणि दोघांचे 4,500 क्रोना. रुपयांत चाळीस-पंचेचाळीस हजार. एवढ्यात स्टॉकहोम होतं असं मात्र समजू नका. उन्हाळ्यात साध्या हॉटेलात दोघांची खोली रात्रीला हजार-बाराशे क्रोनांच्या खाली मिळाली तर नशीब समजा. खात्यात नियमापुरते पैसे आणि बुकिंग महागड्या हॉटेलचं, हे कागदावर लगेच खटकतं. त्याहून वाईट म्हणजे अर्जाच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून घेऊन एकदम भरलेले तीन लाख. बँकेच्या उताऱ्यात ते दिव्यासारखे दिसतात. खरोखर कोणी खर्च करत असेल तर त्याचं पत्र, त्याचा उतारा आणि नात्याचा पुरावा सरळ जोडा.

नोकरदारांनी पगाराच्या पावत्या, प्राप्तिकर विवरणपत्र आणि रजा मंजूर झाल्याचं कंपनीचं पत्र द्यावं. व्यावसायिकांनी नोंदणीचे कागद, निवृत्तांनी पेन्शनचे. शेती असेल तर सातबाराही जोडता येतो, पण मराठी कागद तसाच देऊ नका, इंग्रजी भाषांतर करून घ्या. लहान मुलाबरोबर एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र आणि जन्मदाखला लागतो. लग्नानंतर पासपोर्टवर एक नाव आणि बँकेत दुसरं असेल तर विवाहाचा दाखला फाइलमध्ये ठेवाच.

दिवसवार बेत एका पानाचा पुरे. पहिल्या दिवशी गामला स्तान हा शहराचा जुना भाग आणि राजवाडा, तिथे पहारा बदलण्याचा सोहळा फुकट पाहता येतो. दुसऱ्या दिवशी वासा संग्रहालय. 1628 मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं आणि 1961 मध्ये वर काढलेलं अख्खं जहाज तिथे उभं आहे. याच्या तिकिटात काटकसर करू नये, असं माझं मत. तिसऱ्या दिवशी मेट्रोची स्टेशनं. खडकात कोरलेल्या, रंगवलेल्या या स्टेशनांना वेगळं तिकीट नाही, प्रवासाचं तेवढं लागतं.

बचत खरी होते ती येण्याजाण्यात आणि जेवणात. आर्लांडा विमानतळावरून एक्स्प्रेस गाडी सुमारे 18 मिनिटांत शहरात आणते, पण एकेरी तिकीट तीनशे क्रोनांहून जास्त. 583 क्रमांकाच्या बसने मेर्श्ताला जाऊन तिथून लोकल पकडली तर शहराच्या साध्या तिकिटात काम होतं, वेळ मात्र तासाच्या पुढे. हे तिकीट 75 मिनिटं चालतं आणि युर्गोर्डन बेटाच्या 82 क्रमांकाच्या बोटीलाही चालतं. दुपारी ‘दागेन्स रेट’ म्हणजे दिवसाची थाळी घ्या. साधारण सव्वाशे ते दीडशे क्रोनांत सॅलड, पाव आणि बहुतेक ठिकाणी कॉफीसुद्धा येते. रात्री त्याच हॉटेलात दुप्पट मोजावे लागतात. पाणी नळाचं प्या. रोख फारशी लागत नाही, कित्येक दुकानं नोटा घेतच नाहीत, त्यामुळे परकीय चलन भरून नेण्याचं फॉरेक्स कार्ड बरं. जूनमधल्या मिडसमर या सणाच्या शुक्रवारी जायचा बेत असेल तर बरीच दुकानं बंद मिळतील.

व्हिसा चिकटवून पासपोर्ट आला की स्टिकरवरच्या तारखा, प्रवेशांची संख्या आणि दिवस तिथल्या तिथे वाचा, चूक असेल तर लगेच कळवा. नाकारला तर कारण छापील फॉर्मवर लेखी मिळतं. नव्या अर्जात ते कारण आधी मिटवा. आणि हा व्हिसा नीट वापरलात तर पुढे फायदा आहे: भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी 2024 पासून, तीन वर्षांत दोन व्हिसा नियमात वापरले असतील तर दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो, पासपोर्टची मुदत तेवढी हवी.

शेंगेनच्या सीमेवर ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्यांऐवजी फोटो आणि बोटांच्या ठशांची संगणकीय नोंद सुरू झाली आहे. दिवसांचा हिशेब आता यंत्रच ठेवतं. विमा, हॉटेल आणि परतीच्या तिकिटाच्या प्रती हँडबॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.