कोर्दुआन : राजेशाही मनोरा, मिणमिणता दिवा

फ्रान्सच्या पश्चिमेला जिरोंद खाडीच्या मुखाशी पाण्याखाली वाळूचे पट्टे आहेत आणि ते एका जागी राहत नाहीत. बोर्दोची दारू न्यायला येणारी गलबतं तिथे रुतायची, फुटायची. म्हणून चौदाव्या शतकातच इंग्लंडचा युवराज एडवर्ड याने भर समुद्रातल्या कोर्दुआनच्या खडकावर एक बुरूज उभारला. वर लाकडं पेटवायचं काम एका बैराग्याकडे होतं.

तो बुरूज ढासळल्यावर १५८४ मध्ये लुई द फुआ या वास्तुकाराने आजच्या दीपगृहाचं काम हाती घेतलं. ते संपायला १६११ उजाडलं, तोवर तो हयात नव्हता. मनोरा मात्र थाटाचा झाला: संगमरवरी फरशीचं राजाचं दालन, त्यावर घुमटाचं प्रार्थनामंदिर. त्या दालनात एकही राजा कधी राहिला नाही, हा भाग वेगळा!

थाट होता, पण उजेडाचं रडगाणं पुढे दोनशे वर्षं चाललं. आधी लाकडं जाळली, मग कोळसा. १७८२ मध्ये तेलाचे दिवे आणि आरसे आले, तर खलाशी म्हणाले, यापेक्षा जुना जाळच बरा होता. मग जोझेफ तेऊलेर या अभियंत्याने जुने वरचे मजले उतरवून मनोरा सुमारे २० मीटरने उंच केला आणि १७९० मध्ये फिरते आरसे बसवले.

खरी मेख आरशातच होती. त्या काळचे धातूचे आरसे निम्माअधिक उजेड स्वतःच गिळायचे. ऑगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने आरसा बाजूला ठेवून भिंग घेतलं. एवढं मोठं अखंड भिंग ओतणं अवघड आणि वजनही भलतंच, म्हणून त्याने मधली जाड काच वगळून भिंगाची पायऱ्यापायऱ्यांची कडी केली. इकडेतिकडे पांगणारा उजेड त्यातून सरळ झोतात बाहेर पडू लागला. जुलै १८२३ मध्ये असं भिंग जगात पहिल्यांदा लागलं ते कोर्दुआनवर. चारच वर्षांनी, ३९ व्या वर्षी, फ्रेनेल क्षयाने गेला. त्याची भिंगं पुढे जगभरच्या किनाऱ्यांवर पोचली.

१९४८ मध्ये वीज आली, २००६ मध्ये दिवा स्वयंचलित झाला आणि २०२१ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. तरी ३०१ पायऱ्यांच्या त्या मनोऱ्यात आजही राखणदार पाळीपाळीने राहतात. रात्री जहाजावरून तो दिवा कुठून पांढरा, कुठून लाल, कुठून हिरवा दिसतो. आपण कुठल्या बाजूला आहोत, हे कप्तान त्या रंगावरून ताडतो.