स्किझोफ्रेनियाचा दिव्यांग दाखला: एमआरआय नको, मग फाईलमध्ये काय हवं? (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, आम्ही कळव्याला राहतो. त्याचा दाखला काढताना जे जे कळलं ते ओळखीत फोनवर सांगून सांगून थकले म्हणून एकदा लिहूनच टाकते. परवा घणसोलीच्या एक काकू भेटल्या, हातात मुलाच्या एमआरआयची मोठी फिल्म, साठवलेल्या पैशातून काढलेली. दाखला मिळाला नाही आणि फिल्म कोणी उघडूनही बघितली नाही म्हणून डोळ्यात पाणी.

तर आधी हेच. स्किझोफ्रेनियाचं निदान कुठल्याच स्कॅनवर होत नाही, डॉक्टर पेशंटशी बोलून, घरच्यांना विचारून करतात. एमआरआय सांगतात तो गाठ किंवा रक्तस्राव असलं काही नाही ना हे बघायला, त्यामुळे बहुतेकांचा रिपोर्ट नॉर्मलच येतो, आणि त्याचा अर्थ आजार नाही असा होत नाही.

मग कोणीतरी मोबाईलवर वाचून विचारतं, मेंदूतलं केमिकल दाखवणारा पेट स्कॅन असतो ना, तो काढू का? असतो, पण संशोधनात. एफ-डोपा नावाचं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात आणि मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम भागात डोपामिन हे केमिकल किती बनतंय ते मोजतात, स्किझोफ्रेनियात हे १९९४ पासून चाललंय. पेशंटांची सरासरी निरोगी लोकांपेक्षा जास्त निघते. पण ती सरासरी झाली, एकेका माणसाचे आकडे बघितले तर दोन्ही गट एकमेकांत मिसळतात. शिवाय नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या पेशंटांमध्ये डोपामिन निरोगी माणसाइतकंच दिसलंय, म्हणजे ज्याचा आजार सगळ्यात चिवट त्याचाच स्कॅन साधा! ग्लुटामेट हे मेंदूतलं दुसरं केमिकल मोजणारी, एमआरआयच्याच मशीनवरची एमआर स्पेक्ट्रोस्कोपी आहे, तिच्यावरूनही एका माणसाचं निदान होत नाही. आणि आपल्या इथल्या सेंटरवर जो पेट-सीटी होतो तो बहुतेक वेळा साखरेसारख्या किरणोत्सारी द्रव्याचा, मुख्यतः कॅन्सरसाठी, त्यात डोपामिन दिसतच नाही. या संशोधनाचं मोल मोठं आहे हो. औषधाने डोपामिनचे साधारण ६५ टक्के डी-२ रिसेप्टर (पेशींवर डोपामिन जिथे चिकटतं त्या जागा) अडवले की गुण येतो आणि ८० च्या आसपास गेलं की अंग आखडणं, हात थरथरणं सुरू होतं, हे पेटमुळेच कळलं, आणि भावाचा डोस डॉक्टर का वाढवत नाहीत ते मला तेव्हा समजलं. पण दाखल्यासाठी कृपा करून पैसे घालू नका.

दाखला मिळतो तो २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली, त्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. सवलतींना बहुतेक ठिकाणी ४० टक्के लागतात. हे टक्के आयडियाज नावाच्या पट्टीवर मोजतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, प्रत्येकाला ० ते ४ गुण, वर आजार किती काळ आहे त्याचे गुण. २० पैकी ७ झाले की ४० टक्के.

आणि इथेच घात होतो. आपण त्या दिवशी मुलाला आंघोळ घालून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून नेतो. डॉक्टर विचारतात, स्वतः आंघोळ करतोस? हो. कामाला जातोस? जातो. झालं! त्याला खोटं बोलायचं नसतं, त्याला खरंच तसं वाटतं. म्हणून त्याच्यासोबत राहणारा माणूसच बरोबर जाऊ दे, गावाहून आलेला मामा नको, आणि एका कागदावर खरं लिहून न्या: आठवड्यात किती वेळा सांगून आंघोळ केली, शेवटची नोकरी कधी सुटली, रात्री कोण जागतं, गोळ्या हातात द्याव्या लागतात का. वाढवून लिहू नका, लपवूनही ठेवू नका.

आजाराच्या वर्षांचे गुण असल्यामुळे पहिल्या डॉक्टरचा पहिला केस पेपर म्हणजे सोनं, आणि नेमका तोच कोणाकडे नसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पेशंटला आपल्या उपचाराचे कागद मागायचा हक्क आहे, जुन्या दवाखान्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आम्हाला एका दवाखान्याने तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा कलम लिहून नेलं तेव्हा कागद निघाले. आताच्या डॉक्टरांकडून निदान आणि उपचार कधीपासून चालू हे लिहून घ्या.

पत्त्याचं बघा. अर्ज साधारणपणे राहत्या जिल्ह्यात करायचा असतो. ऐरोली, कोपरखैरणे, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे, कळंबोली रायगडात, नुसतं ‘नवी मुंबई’ लिहून ठाणे निवडलं तर अर्ज अडकतो. ही एक ओळ खिडकीवर चिकटवायला काय जातं कोणाचं, माणसं आजारी मुलाला घेऊन दोन बस बदलून येतात! आधारवर अजून साताऱ्याचा पत्ता असेल तर आधी तो बदला.

बाकी सोपं: स्वावलंबन या सरकारी दिव्यांग पोर्टलवर ऑनलाइन फॉर्म, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, मग तपासणीची तारीख.

दाखल्याबरोबरचं दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड (यूडीआयडी) आलं की रंग बघा. पांढरं म्हणजे ४० च्या खाली, पिवळं ४० पासून, निळं ८० पासून. पांढऱ्यावर पेढे वाटलेलं एक घर मला माहितीये, तोवर अपिलाची मुदत गेली होती. अपील ९० दिवसांत करायचं आणि ते दिवस निर्णयाच्या तारखेपासून मोजतात, कार्ड पोस्टाने घरी आलं त्या दिवसापासून नाही. आणि दाखल्यावर तात्पुरता लिहिलं असेल तर संपायची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा, दोन-तीन महिने आधी पुन्हा अर्ज टाका.