समांतर आयात मोटारसायकल

समांतर आयात मोटारसायकल : उत्पादक कंपनीने एका देशातील बाजारासाठी तयार करून तेथे विक्रीस आणलेली, परंतु दुसऱ्या देशात त्या कंपनीच्या अधिकृत वितरकाला वगळून स्वतंत्र व्यापाऱ्याने किंवा ग्राहकाने स्वतः आणलेली मोटारसायकल. अशी गाडी बनावट नसते. ती त्याच कारखान्यात तयार झालेली असते आणि तिच्यावरील बोधचिन्हही खरे असते. फरक असतो तो तिच्या प्रवासाच्या मार्गात, तिच्या कागदपत्रांत आणि ज्या देशासाठी ती बांधली गेली त्या देशाच्या नियमांनुसार तिच्यात केलेल्या बदलांत. सिंगापूर, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांत हा व्यापार चालतो, परंतु त्याचे फायदे आणि तोटे सर्वांत स्पष्टपणे दिसले ते १९९०च्या दशकातील ब्रिटनमध्ये. म्हणून प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने त्याच देशाचा विचार केला आहे.

एकच मोटारसायकल वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या किमतीला विकली जाते, कारण कंपन्या किंमत ठरवताना उत्पादनखर्चापेक्षा त्या त्या बाजाराची ऐपत, स्पर्धा आणि चलनाचा दर यांकडे अधिक पाहतात. सप्टेंबर १९९२मध्ये युरोपीय विनिमयदर यंत्रणेतून बाहेर पडल्यावर घसरलेला पौंड १९९६नंतर पुन्हा वधारला, परंतु ब्रिटनमधील जपानी मोटारसायकलींच्या अधिकृत किमती त्या प्रमाणात उतरल्या नाहीत. परिणामी खंडीय युरोपातील विक्रेत्याकडे फ्रँकमध्ये किंवा लिऱ्यामध्ये पैसे मोजून घेतलेली नवी गाडी वाहतूकखर्च धरूनही ब्रिटिश शोरूमपेक्षा बरीच स्वस्त पडू लागली. १९९३पासून युरोपीय संघाची एकसंध बाजारपेठ अस्तित्वात आल्यामुळे सीमेवर सीमाशुल्काच्या औपचारिकता उरल्या नव्हत्या. सहा महिन्यांच्या आतील किंवा ६,००० किलोमीटरपेक्षा कमी चाललेले वाहन करासाठी नवे मानले जात असे आणि त्यावरील मूल्यवर्धित कर जेथे वाहन कायमचे न्यायचे त्या देशात भरावा लागे. एवढा कर भरला की गाडीची नोंदणी करण्यात मोठा अडथळा उरत नसे, आणि या सोयीवरच अनेक स्वतंत्र व्यापाऱ्यांची दुकाने उभी राहिली.

याच काळात दुसरा एक ओघ थेट जपानमधून येत होता आणि त्यात मुख्यतः वापरलेल्या गाड्या होत्या. जपानमध्ये मध्यम परवान्याची मर्यादा ४०० सीसी होती. मोठ्या गाडीचा परवाना १९९६पर्यंत ड्रायव्हिंग स्कूलमार्फत मिळत नसे, त्यासाठी सरकारी केंद्रावरची अत्यंत कठीण परीक्षा थेट द्यावी लागे. साहजिकच जपानी कंपन्यांनी आपले सारे कसब ४०० सीसीच्या वर्गात ओतले. होंडा व्हीएफआर४००आर, कावासाकी झेडएक्सआर४००, यामाहा एफझेडआर४००आरआर या गाड्या म्हणजे शर्यतीच्या यंत्रांच्या छोट्या आवृत्त्याच होत्या. २५० सीसीपेक्षा मोठ्या गाडीला तेथे ठरावीक काळाने करावी लागणारी ‘शाकेन’ ही तपासणी खर्चिक असल्याने गाड्या लवकर विकून टाकण्याकडे मालकांचा कल असे आणि निर्यातदारांना चांगल्या स्थितीतला माल स्वस्तात मिळे. ब्रिटनमध्ये यांपैकी काही मॉडेल अधिकृतपणेही विकली गेली, पण थोड्या संख्येने आणि मोठ्या गाड्यांच्या तोडीच्या किमतीला. होंडा एनएसआर२५०आरसारखी टू-स्ट्रोक गाडी तर हवी असल्यास जपानमधून आणण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यामुळे समांतर आयातीचा लाभ केवळ पैशांचा होता असे म्हणणे अपुरे ठरते. अधिकृत वितरकाने जी गाडी विकायचीच नाही असे ठरवले, ती मिळण्याचा हा एकमेव मार्ग होता.

कायदेशीर स्थिती

या दोन ओघांमध्ये कायद्याने स्पष्ट रेषा ओढली आहे. व्यापारचिन्हाच्या मालकाने एकदा आपला माल स्वतः किंवा स्वतःच्या संमतीने बाजारात आणला की त्या मालाच्या पुढील विक्रीवरचा त्याचा हक्क संपतो, हे तत्त्व बहुतेक देशांना मान्य आहे. प्रश्न उरतो तो कोणत्या बाजारात आणल्यावर संपतो, एवढाच. युरोपीय न्यायालयाने जुलै १९९८मध्ये सिल्हूएट या चष्म्यांच्या कंपनीच्या खटल्यात असा निर्णय दिला, की युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर (म्हणजे युरोपीय संघ आणि त्याच्या बाजारपेठेशी जोडलेले काही देश यांच्याबाहेर) विकलेला माल व्यापारचिन्ह-मालकाच्या संमतीशिवाय त्या क्षेत्रात आणता येणार नाही. आणि नोव्हेंबर २००१मध्ये डेव्हिडॉफ व लिव्हाय स्ट्रॉस प्रकरणांत ही संमती निःसंदिग्ध असली पाहिजे, ती केवळ मौनावरून गृहीत धरता येणार नाही, हेही स्पष्ट केले. चष्मे, अत्तरे आणि जीन्स यांवरून झालेल्या या निर्णयांचा फटका मोटारसायकलींच्या व्यापाऱ्यांनाही बसला. इटलीतून किंवा जर्मनीतून आणलेली गाडी निर्वेध राहिली, मात्र जपान, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियासाठी बांधलेली नवी गाडी व्यापारासाठी आणणाऱ्यावर कंपनी दावा लावू शकते असे ठरले. पहिल्या प्रकाराला ब्रिटिश बाजारात ‘पॅरलल’ आणि दुसऱ्याला ‘ग्रे’ म्हणतात. जाहिरातींत मात्र ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात आणि तेथेच पुष्कळ ग्राहकांची गफलत होते. स्वतःच्या वापरासाठी एखादी गाडी आणणारी व्यक्ती व्यापार करीत नसल्यामुळे तिला हा कायदा सहसा आड येत नाही.

व्यापारचिन्हाचा प्रश्न वेगळा आणि रस्त्यावर चालवण्याच्या योग्यतेचा वेगळा. युरोपीय प्रकार-मान्यता (ते मॉडेल नियमांत बसते अशी अधिकृत मान्यता) असलेल्या गाडीबरोबर उत्पादकाचे अनुरूपता प्रमाणपत्र असते आणि त्यावर नोंदणीचे काम बरेचसे सोपे होते. ते नसलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये ‘मोटारसायकल सिंगल व्हेइकल अप्रूव्हल’ ही एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी पार करावी लागते. दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना तीतून सूट आहे. एप्रिल २०१३पासून देशात आणलेल्या प्रत्येक वाहनाची माहिती १४ दिवसांच्या आत महसूल खात्याला कळवावी लागते व त्याशिवाय नोंदणी होत नाही.

गाडी कोणत्या देशासाठी बांधली आहे

समांतर आयातीची गाडी घेताना किमतीपेक्षा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांच्या पोटात मोठा फरक असू शकतो. फ्रान्समध्ये १९८०च्या दशकाच्या मध्यापासून २०१६पर्यंत मोटारसायकलीची शक्ती सुमारे १०० अश्वशक्तीवर रोखलेली होती. तेथून स्वस्तात आणलेली मोठी स्पोर्ट्स गाडी ब्रिटिश आवृत्तीपेक्षा कितीतरी दुबळी निघू शकते, आणि ते बंधन काढण्यासाठी काय काय बदलावे लागेल हे मॉडेलनुसार ठरते. जपानी कंपन्यांनी देशांतर्गत गाड्यांवर स्वतःहून मर्यादा घालून घेतल्या होत्या : ४०० सीसीला ५९ आणि पुढे ५३ अश्वशक्ती, २५० सीसीला ४५ आणि पुढे ४०, शिवाय वेग ताशी १८० किलोमीटरला तोडणारी यंत्रणा. कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांवर पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा डबा आणि त्याच्या जादा नळ्या असतात.

लहान बदलांचा खर्चही धरावा लागतो. खंडीय युरोपात वाहतूक उजवीकडून असल्याने तेथील अनेक गाड्यांच्या हेडलाइटचा डिपर झोत उजवीकडे वळतो. ब्रिटनमध्ये तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो, म्हणून हेडलाइट बदलावा लागतो. जपानमध्ये वाहतूक डावीकडून असल्याने हा प्रश्न येत नाही, पण स्पीडोमीटर मात्र दोन्हीकडचे किलोमीटरमध्ये असतात आणि ब्रिटनमध्ये मैल दाखवणे आवश्यक असते. स्पीडोमीटर बदलल्यावर किंवा त्याला परिवर्तक जोडल्यावर ओडोमीटरचा आकडा किलोमीटरमध्ये आहे की मैलांमध्ये, हे पुढच्या खरेदीदाराला कळेनासे होते, आणि गाडी खरोखर किती चालली याविषयीची शंका तिच्या मागे कायमची लागते. अप्रामाणिक विक्रेत्याला याहून सोयीचे आवरण मिळणे कठीण.

हमी, सुटे भाग आणि विमा

अधिकृत वितरकांनी समांतर आयातीविरुद्ध सर्वांत जास्त वापरलेला मुद्दा हमीचा होता. तो खरा होता, परंतु सांगितला जाई तितका नव्हे. युरोपातील एका देशात घेतलेल्या नव्या गाडीची उत्पादकाची हमी पुष्कळदा दुसऱ्या देशातही चालते, मात्र तिची मुदत गाडी मूळ विक्रेत्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवसापासून मोजली जाते, आणि व्यापाऱ्याच्या गोदामात काही महिने गेले असतील तर तेवढी मुदत वाया जाते. हमी संपल्यावरही कंपनी कधीकधी सौजन्य म्हणून जी दुरुस्ती करून देते, तिची अपेक्षा समांतर गाडीच्या मालकाने ठेवू नये. दुसरीकडे, उत्पादकाची हमी नसली म्हणजे ग्राहक निराधार होतो असेही नाही. ब्रिटनच्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष मालाची जबाबदारी विक्रेत्यावर असते : पहिल्या ३० दिवसांत वस्तू परत करता येते आणि पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळात नव्हता हे सामान्यतः विक्रेत्यालाच सिद्ध करावे लागते. या संरक्षणाचे मोल विक्रेता टिकून राहण्यावर अवलंबून आहे; थोड्या भांडवलावर उभा असलेला व्यापारी वर्षभरात दुकान बंद करून गेला तर कायद्यातला हक्क कागदावर राहतो.

सुट्या भागांच्या बाबतीत युरोपीय समांतर गाडीचा मालक फारसा अडत नाही. जपानी देशांतर्गत गाडीचा मालक अडतो, कारण इग्निशनचे युनिट, कार्ब्युरेटरचे जेट, वायरिंग यांचे क्रमांक निराळे असतात आणि ब्रिटिश वितरकाच्या सुट्या भागांच्या यादीत ते मॉडेलच नसते. एनएसआर२५०आरच्या शेवटच्या आवृत्तीत किल्लीऐवजी इलेक्ट्रॉनिक कार्ड होते. ते हरवल्यास जवळच्या गॅरेजमध्ये त्यावर उपाय नसे. कालांतराने अशा गाड्यांमध्ये खास पारंगत असलेल्या मेकॅनिकांचे आणि भाग आयात करणाऱ्यांचे जाळे तयार झाले, आणि आज जुन्या ४०० सीसी गाडीची काळजी अधिकृत वितरकापेक्षा हीच मंडळी अधिक चांगली घेतात. उत्पादनातील दोषामुळे गाड्या परत बोलावल्या जातात तेव्हाही अडचण येते, कारण त्या देशात न विकलेल्या गाडीचा क्रमांक कंपनीच्या तेथील यादीत नसण्याची शक्यता असते. मालकाने स्वतः चौकशी करणे भाग पडते.

विमा कंपन्या गाडी आयात केलेली आहे का हे विचारतात. काही जादा हप्ता लावतात, काही विमा नाकारतात, आणि ही माहिती दडवलेली असेल तर दाव्याच्या वेळी पैसे अडतात. पुनर्विक्रीतही कमी भाव येतो. खरेदीच्या वेळी वाचलेल्या रकमेचा काही भाग असा विक्रीच्या वेळी परत जातो, म्हणून दरवर्षी गाडी बदलणाऱ्याला समांतर आयात फारशी परवडत नाही. दीर्घकाळ गाडी ठेवणाऱ्याला ती परवडते.

ओळख पटवण्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा चासी क्रमांक हा आहे. निर्यातीच्या गाड्यांना १७ वर्णांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, तर जपानी देशांतर्गत गाडीवर ‘एनसी३०’सारखा मॉडेलचा संकेत आणि त्यापुढे अनुक्रमांक एवढेच कोरलेले असते. त्यामुळे विक्रेत्याने गाडी ‘ब्रिटिश’ म्हणून पुढे केली तरी हेडस्टॉकवर (हँडल जेथे सांगाड्याला जोडलेले असते त्या भागावर) नजर टाकताच खरे काय ते कळते. जपानमधील नोंदणी रद्द केल्याचे प्रमाणपत्र गाडीबरोबर असावे. उत्पादनाचे वर्ष सिद्ध करता न आल्यास ब्रिटनमध्ये ‘क्यू’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो आणि त्याने गाडीची किंमत आणखी उतरते.

नंतरचे बदल

समांतर आयातीमुळे ज्यांचा सर्वाधिक लाभ झाला, त्यांतील अनेकांनी अशी गाडी कधी घेतलीच नाही. ग्राहक हातचे जात आहेत हे दिसल्यावर १९९०च्या दशकाच्या अखेरीस अधिकृत आयातदारांना ब्रिटनमधील किमती खाली आणाव्या लागल्या, आणि किमतीतील तफावत घटताच समांतर व्यापाराचे बळही ओसरले. २०२०च्या अखेरीस ब्रिटन युरोपीय बाजारातून बाहेर पडल्यावर चित्र पुन्हा बदलले. व्यापारचिन्हाच्या दृष्टीने युरोपीय आर्थिक क्षेत्रातून ब्रिटनमध्ये माल आणण्यास अजूनही मुभा आहे, उलट दिशेने मात्र नाही. पण सीमेवर आता सीमाशुल्काची औपचारिकता आणि आयातीवर २० टक्के मूल्यवर्धित कर आहे. उदाहरणादाखल, वाहतुकीसह ५,००० पौंडांना पडणाऱ्या २५० सीसीवरील गाडीवर ६ टक्के सीमाशुल्क लागू झाले तर ते ३०० पौंड होते, आणि ५,३०० पौंडांवरील कर १,०६० पौंड. म्हणजे नोंदणीपूर्वीच ती ६,३६० पौंडांवर जाते. कोणत्या देशात बनली आणि तेथील व्यापार करार काय सांगतो, यावर सीमाशुल्क कमी किंवा शून्यही होऊ शकते.

भारतात कायद्याची मांडणी जवळजवळ उलटी आहे. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९च्या कलम ३०चा अर्थ लावताना दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२मध्ये सॅमसंगच्या प्रकरणात जगात कोठेही कायदेशीररीत्या विकलेल्या मालाची समांतर आयात ग्राह्य धरली. तरीही परदेशी मोटारसायकलींचा असा व्यापार येथे उभा राहिला नाही, कारण वाट अडवली आहे ती वाहनांच्या आयात धोरणाने : नवे वाहन जेथे बनले त्याच देशातून आले पाहिजे, ते आधी कोठेही नोंदलेले नसावे आणि त्याला प्रकार-मान्यता हवी, जिच्या चाचण्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्था करतात. वापरलेल्या वाहनाला वयाची तीन वर्षांची मर्यादा आहे आणि ते मुंबई बंदरातूनच आणता येते. अधिकृत आयातीवरचे सीमाशुल्कही दीर्घकाळ जबर होते. २००७मध्ये भारताने ८०० सीसी व त्यावरील गाड्यांच्या आयातीचे नियम सैल केले, मात्र शुल्क चढेच राहिले. पूर्ण बांधणीच्या आयात गाड्यांवरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२५मध्ये ५० टक्क्यांवरून १,६०० सीसीपर्यंत ४० आणि त्यावर ३० टक्के करण्यात आले. या भिंतीमुळे सुटे भाग म्हणून आणून येथे जोडलेल्या आणि बनावट कागदांवर पासिंग करून घेतलेल्या सुपरबाइकचा चोरटा व्यापार वाढला. त्याला समांतर आयात म्हणता येत नाही. शुल्क चुकवलेली गाडी सीमाशुल्क अधिनियम, १९६२नुसार जप्तीस पात्र असते, मग ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाने पूर्ण किंमत मोजून घेतलेली का असेना.