शॉक ‘टाईट’ केला म्हणजे स्प्रिंग कडक झाली असं नाही

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही गॅरेजसमोर थोडा वेळ उभं राहिलं की हे बोलणं कानावर पडतंच. “मागनं लई आपटतीय गाडी.” “शॉक टाईट करून देतो की.” मेस्त्री आकडीचा पाना घालून स्प्रिंगखालचं कडं दोन खाचा फिरवतो, गाडीवाला सीटवर तळहात दाबून बघतो आणि “आता झाली कडक” म्हणून समाधानाने निघून जातो. स्प्रिंग मात्र सकाळी होती तेवढीच कडक असते. एका शतांशानेही बदललेली नसते.

गेली काही वर्षं आमच्याकडे कमी वेगाच्या इलेक्ट्रिक स्कूटर घरोघरी आल्यापासून हा घोळ फार वाढलाय. शिकलेली माणसं, लेथवर आयुष्य घालवलेली माणसंसुद्धा तेच बोलतात. मला वाटतं, निम्मा दोष ‘टाईट’ या शब्दाचा आहे आणि उरलेला आपल्या सीमाभागाचा. कानडीतल्या ‘गट्टी’मध्ये भक्कमही येतं आणि कडकही येतं. मराठी कानाला त्यात ‘घट्ट’ ऐकू येतं. कानडी मेस्त्री आणि मराठी गिऱ्हाईक एकमेकांना नीट समजल्यासारखे मान हलवतात, आणि दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात बसतात. घट्ट करणं वेगळं, कडक असणं वेगळं.

खाचांचं कडं कुणाला समजावून सांगायची गरज नाही. सगळ्यांनी फिरवलेलं असतं. ते फिरवलं की कुणी गाडीवर बसायच्या आधीच स्प्रिंग थोडी दाबून ठेवली जाते. याला प्रीलोड म्हणतात. दुसरी गोष्ट म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा: ती आणखी १ मिलिमीटर दाबायला किती वजन लागतं ते. हा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि मोकळ्या वेटोळ्यांची संख्या यांवर ठरतो. यातलं काहीच कडं फिरवून बदलत नाही.

आता आकडे घेऊ, कारण त्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. मागच्या चाकाशी मोजलं तर १ मिलिमीटर दबायला २ किलो लागतात, आणि चाक एकूण ७० मिलिमीटर वरखाली होतं असं धरू. पहिल्या खाचेला प्रीलोड शून्य धरू. गाडीचा मागचा भाग, बॅटरी आणि स्वार मिळून चाकावर ६० किलो आले, तर स्प्रिंग ३० मिलिमीटर दबते आणि तिथे थांबते. आता कडं फिरवून १० मिलिमीटर प्रीलोड दिला. स्प्रिंगला ६० किलो पेलायला ३० मिलिमीटरच दबावं लागतं, पण त्यातले १० आधीच दाबून ठेवलेत, म्हणून गाडी २०च मिलिमीटर बसते. स्प्रिंग दोन्ही वेळा तेवढीच दबलेली आहे. सीट मात्र १० मिलिमीटर वर आली.

आता तिसऱ्या रेल्वे गेटाजवळचा एखादा हंप आला आणि चाकावर आणखी ४० किलोचा जोर पडला असं समजू. पहिल्या वेळी स्प्रिंग २० मिलिमीटर आणखी दबेल. दुसऱ्या वेळी? तीही २० मिलिमीटरच. धक्का स्प्रिंगला विचारत नाही की तुला आधी किती दाबून ठेवलंय. दर मिलिमीटरला २ किलो हा तिचा हिशोब तसाच आहे. रॉबर्ट हूकने १६७८ साली जे छापलं आणि आपण शाळेत पाठ केलं, त्यातच हे सगळं येतं. फक्त ते आपण वहीत ठेवलं, गाडीपर्यंत आणलं नाही.

मग हाताला कडक का लागते? या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं नाही तर गैरसमज जाणारच नाही, कारण हात खोटं सांगत नाही, तो वेगळ्याच गोष्टीबद्दल सांगतो. गाडी उभी आहे, वर कोणी बसलेलं नाही. सीट आणि मागच्या सांगाड्याचं मिळून २० किलो चाकावर आहेत. प्रीलोड २० मिलिमीटर, म्हणजे ४० किलो भरून ठेवलाय. तुम्ही तळहात दाबला. आधीचे २० आणि तुमचे २० मिळून ४० होईपर्यंत स्प्रिंग हलणारच नाही. पहिल्या खाचेवर हीच गाडी ५ किलोच्या दाबालाही खाली गेली असती. या न हलण्यालाच आपण कडक म्हणतो. पण एकदा माणूस बसला की तो उंबरठा ओलांडला जातो आणि पुढचा सगळा प्रवास जुन्याच स्प्रिंगवर होतो. म्हणून दुकानात सीट दाबून शॉकची पारख करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. बसा, दहा पावलं चालवा, मग बोला.

हलक्या गाड्यांवर हे जास्त का भोवतं? ज्या गाडीला लायसन्स आणि पासिंग लागत नाही तिची मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असावं लागतं. म्हणजे माणूस गाडीइतकाच जड. वजनदार मोटरसायकलवर मागे कोणी बसलं तर फरक पडतो, पण या गाडीवर मागे कोणी बसलं की चाकावरचं वजन जवळपास दुप्पट होतं. एकच खाच दोघांनाही चालणं कठीण.

आमच्या घरी हे पुरतं अनुभवलं. मुलगा मागे बसला की मागच्या चाकावर ११०च्या आसपास किलो यायचे. वरच्या हिशोबाने ५५ मिलिमीटर तिथेच संपले, उरले १५. येळ्ळूरच्या रस्त्यावर पावसाळ्यानंतर खडी उखडलेली असते. प्रत्येक खड्ड्यात तळ लागून ‘ठाक’ आवाज यायचा. एका गॅरेजात दाखवली. शेवटच्या खाचेवर आणून दिली. २० मिलिमीटर प्रीलोडने आम्ही दोघं बसलेलो असतानाही सीट वर आली, खाली ३५ मिलिमीटर मोकळे झाले आणि आपटणं थांबलं. तिथवर काम बरोबर झालं होतं. खाचा याच कामासाठी असतात.

पण दिवसभर गाडी वापरते बायको, आणि एकटी. तिच्या वेळी मागच्या चाकावर ४८ किलो. त्यातले ४० आधीच भरलेले, म्हणजे गाडी जेमतेम ४ मिलिमीटर बसायची. मग आम्ही लेड-ॲसिडच्या पाच बॅटऱ्या काढून लिथियमचा पॅक बसवला. गाडीतून वीसेक किलो गेले, त्यातले दहा मागच्या चाकावरचे. उरले ३८. प्रीलोड ४०चा. आता शॉक तिच्या वजनाने हलतच नव्हता, पूर्ण ताणलेल्या अवस्थेत वरच्या टोकाला टेकून बसलेला. खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागाच नाही, त्यामुळे अख्खी गाडी खड्ड्यात पडायची आणि बाहेर येताना वरच्या टोकाला ‘टक्’ वाजायची. तिची कंबर महिनाभर दुखली. आणि ऐकायला काय मिळालं? “बॅटरी बदलल्यानं गाडी कडक झाली, नरम स्प्रिंग घाला.” स्प्रिंगचा त्यात काही दोष नव्हता. खाच पहिल्यावर आणली, ३८ किलोला १९ मिलिमीटर बैठक (माणूस बसल्यावर गाडी जेवढी खाली बसते ती) मिळाली, दुखणं दोन आठवड्यांत उतरलं.

ही बैठक मोजणं इतकं सोपं आहे की कुणीही करावं. मधल्या स्टँडवर गाडी चढवून मागचं चाक अधांतरी सोडा. एक्सलच्या मध्यापासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत टेपने मोजा. मग स्टँड काढून नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या पिशवीसकट बसा, एकदोनदा दाबून सोडा आणि दुसऱ्या कुणाला तेच अंतर मोजायला सांगा. दोन्हींतला फरक म्हणजे बैठक. रस्त्यावरच्या गाडीला ती एकूण हालचालीच्या पाव ते तिसरा हिस्सा असावी. ७० मिलिमीटरला १८ ते २३. कमी आली तर कडं सैल, जास्त आली तर घट्ट. दोन्ही बाजूंचे शॉक एकाच खाचेवर ठेवा. एक दुसरीवर आणि एक चौथीवर असलेल्या गाड्या मी कितीतरी पाहिल्यात आणि त्या बघून मला खरंच त्रास होतो.

स्प्रिंगच बदलायची वेळ कधी येते? नेहमीचं वजन घेऊन शेवटच्या खाचेवरही बैठक जास्त येते, तळ लागतो, आणि गाडी नुसती उभी असताना मात्र जराही बसत नाही, तेव्हा स्प्रिंग नरम आहे. उलट पहिल्या खाचेवरही बैठक येतच नसेल तर ती त्या माणसाला कडकच आहे. मग तार मोजा. बाकी सगळं तेच ठेवून ७ मिलिमीटरच्या तारेऐवजी ८ची घेतली तर कडकपणा सुमारे १.७ पट होतो, कारण जाडीचा चौथा घात लागतो. एक मिलिमीटरचा इतका परिणाम. व्हर्नियर घेऊन बसणाऱ्या आपल्या गावात तरी हे सगळ्यांना ठाऊक असायला हवं. आणि कृपा करून नरम करायला म्हणून स्प्रिंग कापू नका. वेटोळी कमी झाली की तेवढंच अंतर दबायला उरलेल्या प्रत्येकाला जास्त दबावं लागतं. अर्धी कापलेली स्प्रिंग दुप्पट कडक होते. गाडी खाली बसते म्हणून नरम झाल्यासारखी दिसते, एवढंच.

वेटोळ्यांमध्ये रबराचे तुकडे बसवतात, त्याने मात्र कडकपणा खरोखर वाढतो, कारण अडकलेलं वेटोळं कामातून जातं. पण ताण उरलेल्या तारेवर एकवटतो आणि रबराखाली चिखल साचून तार गंजते. मला तो प्रकार अजिबात पसंत नाही. काही स्प्रिंगांना एका टोकाची वेटोळी जवळजवळ असतात. त्यांच्यात जास्त प्रीलोडने ती जवळची वेटोळी आधीच मिटतात आणि गाडी किंचित कडक लागते खरी. वरच्या हिशोबाला एवढाच अपवाद.

राहिलं डँपिंग, म्हणजे स्प्रिंगचं डुलणं शॉकमधल्या तेलाने आवरणं. हंपवरून उतरल्यावर गाडी तीनदा-चारदा डुलत असेल तर शॉकमधलं तेल गेलंय. दांड्यावर तेलाचा थर आणि धूळ दिसेल. त्याला कडं फिरवून उपाय नाही, शॉक उघडा किंवा बदला. आणि टायरची हवा. ती आधी बघा. दहा इंची चाकात हवा जास्त भरली तर शॉकला काम मिळण्याआधीच बारीक खडी कंबरेपर्यंत पोचते. शिवाय मोटर चाकातच असते, त्यामुळे चाक जड. स्प्रिंगखालचं हे वजन खड्ड्यातून पटकन वरखाली होत नाही, म्हणून पेट्रोलच्या स्कूटरइतकी मऊ चाल या गाडीकडून मागू नये.

आमची गाडी आता बायकोसाठी पहिल्या खाचेवर असते. आकडीचा पाना सीटखाली कापडात गुंडाळून ठेवलाय. मुलाला घेऊन येळ्ळूरला जायचं असलं की निघण्याआधी दोन्ही बाजूंना चार-चार खाचा पुढे, आणि घरी आल्यावर हात धुवायच्या आधी परत मागे.