खुब्याच्या वाटीचं ऑपरेशन झालंय? वॉकर नेण्याआधी हे वाचा

आमच्याकडे वॉकर किंवा कमोडची खुर्ची भाड्याने न्यायला येणारे नातेवाईक हमखास विचारतात, "शेजारच्या काकांचा खुबा मोडला, ते तर दुसऱ्या दिवशी चालले. आमच्या पेशंटलाच तीन महिने का?"

कारण दुखणं वेगळं आहे. काकांचं मांडीचं हाड वरच्या टोकाला मोडलं आणि तिथे कृत्रिम सांधा बसवला. तुमच्या पेशंटची वाटी फुटली आहे, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा ज्या खोबणीत फिरतो ती. सर्जननी तुकडे जुळवून प्लेट-स्क्रूंनी पकडून ठेवलेत. हाड सांधेल ते शरीरच, आणि त्याला वेळ लागतो.

पुढे किती बरं वाटेल, यातलं बरंचसं पेशंट घरी येण्याआधीच ठरलेलं असतं. तुकड्यांमध्ये १ मिलिमीटरपर्यंतच फरक राहिला तर जुळणी उत्तम. ३ मिलिमीटरच्या वर गेला तर सांधा लवकर झिजण्याची भीती. ऑपरेशन तीन आठवड्यांच्या पुढे गेलं, तर तुकडे वाकडेतिकडे धरू लागतात आणि जुळवणं अवघड होतं. मोटारीच्या धडकेत गुडघा डॅशबोर्डवर आपटला की गोळा मागे निखळू शकतो. तो बसवायला उशीर झाला तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि ते कधीकधी वर्ष-दोन वर्षांनी एक्स-रेत दिसतं. म्हणून काहीही दुखत नसलं तरी तपासणीची तारीख चुकवू नका. त्याच अपघातात खुब्यामागून पायात उतरणारी सायटिक नस दुखावली असेल तर पाऊल वर उचलत नाही. ती सुधारायला महिने लागतात. वय आणि ठिसूळ हाडं यांचाही हिशेब आहेच.

आता घरचा भाग. साधारण ६ ते १२ आठवडे त्या पायावर भार द्यायचा नसतो. नेमके किती, ते तुमचे सर्जन सांगतील. डॉक्टर "पंजा नुसता टेकवा" म्हणतात, पण म्हणजे किती, हे सांगून कळत नाही. आम्ही म्हणतो, पायाखाली भाजलेला पापड आहे, तो मोडता कामा नये. थोडं वजन टाकायला परवानगी मिळाली की तो पाय वजनकाट्यावर ठेवून अंदाज घ्या.

वॉकरची उंची दुकानातच बघून घ्या, पेशंट सोबत नसेल तर निदान त्यांच्या मनगटाचं माप आणा: चप्पल घालून, हात सरळ सोडून उभं राहिल्यावर जमिनीपासून मनगटापर्यंत. वॉकरची मूठ तिथेच यायला हवी. बसताना गुडघा खुब्याच्या वर जाऊ देऊ नका. खाली चटईवर जेवण आणि भारतीय संडास सध्या बंद.

तंबाखू, बिडी, मशेरी यांनी हाड उशिरा सांधतं. मशेरी कुणी मोजतच नाही, पण तीही तंबाखूच. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा, नाहीतर जखम चिघळण्याचा धोका वाढतो.

तेलाने रगडून घेऊ नका. पोटरी सुजली, दुखू लागली तर आत रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अचानक धाप लागली तर थेट दवाखाना. रक्त पातळ करणारं औषध मनाने थांबवू नका.

आणि एक. भाडं वाचवायला वॉकर लवकर परत आणणारे आम्हाला दर महिन्याला भेटतात. डॉक्टरांनी काठीवर यायला सांगितलं का, हे आम्ही परत घेताना विचारणार आहोत.