घरचा उपचार आणि घरची सेवा : विमा यांतले काय भरून देतो?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पुष्कळ घरांत एक गैरसमज आढळतो, आणि तो बहुधा वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन ते अंथरुणाला खिळल्यावरच लक्षात येतो. मुंबईतल्या मुलांनी आईवडिलांसाठी मेडिक्लेम घेतलेला असतो, त्याच्या कागदावर ‘डोमिसिलियरी हॉस्पिटलायझेशन’ असे शब्द असतात, त्यांचा अर्थ ‘घरी उपचार’ असा कोणीतरी सांगितलेला असतो, आणि त्यामुळे गावी पेशंटजवळ ठेवलेल्या बाईचा पगारही विम्यातून निघेल असे सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात घरचा उपचार आणि घरची सेवा हे विम्याच्या दृष्टीने दोन वेगळे खर्च आहेत, आणि दुसरा जवळजवळ नेहमीच घरच्यांनाच करावा लागतो.

विम्यातला घरचा उपचार म्हणजे ज्यासाठी एरवी रुग्णालयात दाखल व्हावे लागले असते, असा उपचार. रुग्णाला हलवता येण्यासारखी त्याची प्रकृती नसेल किंवा रुग्णालयात जागा मिळत नसेल, तरच तो घरी केल्याचा खर्च मान्य होतो. बहुतेक पॉलिसींत असा उपचार तीन दिवसांहून अधिक चाललेला असावा लागतो, आणि दमा, मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखे काही आजार त्यातून वगळलेले असतात. इथे प्रकृती पाहिली जाते, हे कोकणातल्या माणसाने विशेष ध्यानात घ्यावे; तालुक्याचे गाव लांब आहे, रात्री वाडीतून गाडी मिळत नाही, ही आपली खरी अडचण त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून रुग्णाला हलवणे का शक्य नव्हते, हे डॉक्टरांकडून त्याच वेळी लिहून घ्यावे.

सेवेचे तसे नाही. अंघोळ घालणे, कपडे बदलणे, उठायला-चालायला आधार देणे अशी रोजची देखभाल विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित अपवादांमध्ये स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे, आणि ती प्रशिक्षित परिचारिकेने केली तरीही वगळलेलीच राहते. त्यामुळे साध्या बाईऐवजी ब्युरोकडून सिस्टर आणली म्हणजे बिल मंजूर होईल, ही समजूतही चुकीची ठरते. काम कोण करते यापेक्षा ते कशासाठी केले जाते, यावर सारे ठरते. दर दोन तासांनी कूस बदलून पाठीच्या जखमा टाळणाऱ्या हातांचा मोबदला विम्यात बसत नाही आणि त्याच जखमा चिघळून रुग्णालयात जावे लागले तर तो खर्च बसतो, ही रचना मला मुळातच सदोष वाटते.

सरकारी कार्डाबाबतही हाच घोटाळा होतो. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण खुले झाले. हा मोठाच आधार आहे, पण तो रुग्णालयातल्या उपचारांचा आहे. घरी परतल्यावर त्याच आजाराच्या औषध-तपासण्यांसाठी १५ दिवसांपर्यंत त्याचा उपयोग होतो, बाईच्या पगारासाठी नाही.

मग सेवेचा पैसा कुठून आणायचा? उदाहरणादाखल १२ तासांच्या एका पाळीचा रोज ७०० रुपये धरला, तर महिन्याचे २१,००० रुपये होतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल मर्यादेइतके म्हणजे ३० लाख रुपये ठेवले, तरी एप्रिल २०२३ मध्ये ठरलेल्या ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये व्याज येते. एवढी ठेव असूनही एक पाळी पुरती भागत नाही. डायपर, हवेची गादी, बाईचे जेवण आणि तिच्या सुट्टीत येणारी बदली हे वेगळेच. बागायतदाराच्या घरात आणखी एक पेच असतो : आंब्याचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि सेवेचा खर्च दर महिन्याला उभा राहतो. म्हणून हंगामाच्या रकमेतून वर्षभराचा पगार आधीच बाजूला काढून ठेवावा.

करात मात्र सेवेला थोडी जागा आहे. प्राप्तिकर कायद्यात (१९६१ च्या जुन्या कायद्यात हे कलम ८०डीडी होते) अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकाच्या शुश्रूषेचा नावानिशी उल्लेख आहे. दिव्यांगत्व ४० टक्के असल्यास ७५,००० आणि ८० टक्के असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट खर्च कमी झाला तरी पूर्ण मिळते; मात्र ती जुन्या करप्रणालीतच मिळते आणि त्यासाठी अधिकृत वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. अर्धांगवायूनंतर अनेक कुटुंबे हे प्रमाणपत्र काढतच नाहीत, याचे मला वाईट वाटते.

राहता राहिले घर. रिव्हर्स मॉर्गेजमध्ये ६० वर्षांवरील मालकाला राहत्या घराच्या तारणावर बँक दरमहा पैसे देते आणि त्याच्या हयातीत हप्ता मागत नाही. परंतु घर स्वतः संपादन केलेले आणि निर्वेध मालकीचे असावे लागते. आपल्याकडची चौसोपी घरे आजोबांच्या नावावर, चुलतभावंडांच्या सामाईक हिश्श्याची, अजून वाटप न झालेली असतात, आणि तिथे ही वाट बंद होते. अशा घरात भावंडांनी बाईच्या पगारातला प्रत्येकाचा हिस्सा आणि तो दर महिन्याच्या कोणत्या तारखेला कोणाच्या खात्यात जमा व्हायचा, हे वडील अजून बोलू शकत असतानाच, त्यांच्यासमोर बसून लिहून ठेवावे.