पुढचा ॲक्सल आणि ब्रेक : फोर बाय फोर गाडी आमच्याकडे सोडण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. आमच्या गॅरेजमध्ये जिप्सी, महिंद्राच्या जुन्या जीप आणि मिलिटरी डिस्पोजलमधून घेतलेले फोर बाय फोर ट्रक येतात, म्हणजे ज्यांना पुढेही मागच्यासारखंच आख्खं हाउसिंग, म्हणजे ॲक्सलचं लोखंडी कवच, असतं अशा गाड्या. यातले बरेच जण आल्या आल्या सांगतात की ब्रेक लागत नाहीत, शू बदलून द्या आणि संध्याकाळी गाडी द्या. आम्ही तसं करत नाही, आधी चाक उघडून बघतो आणि मग फोन करतो, आणि तेव्हा काहींना वाटतं की काम वाढवतायत. म्हणून हा कागद.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीत पुढचं चाक फक्त वळतं. फोर बाय फोरमध्ये ते वळतं पण आणि ओढतं पण. त्यामुळे हाउसिंगमधलं गिअर ऑइल, नकलमधलं (हाउसिंगच्या टोकाला चाक जिथे वळतं तो भाग) ग्रीस, हबमधले बेअरिंग आणि त्यालाच लागून ब्रेक, हे सगळं हातभर जागेत असतं आणि मध्ये असतात फक्त ऑइल सील. आतलं सील गेलं की गिअर ऑइल नकलमध्ये उतरतं, तिथलं घट्ट ग्रीस ताकासारखं पातळ होतं, मग ते हबमध्ये येतं, हबचं सील पण सोडतं आणि शेवटी लायनरवर, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरावर, किंवा डिस्कवर पोचतं. गाडी ब्रेक मारला की एका बाजूला ओढायला लागते. तुम्हाला दिसतो ब्रेक, पण बिघाड सुरू झालेला असतो आत. अशा वेळी नुसते शू टाकले तर नवे शू पण काही दिवसांत तेलकट होणार, आणि तेल प्यायलेलं लायनर पेट्रोलने धुतलं, जाळलं, घासलं तरी पुन्हा भरवशाचं होत नाही, ते टाकूनच द्यावं लागतं.

मागच्या पावसाळ्यानंतर पानशेतच्या वरच्या अंगाची एक गाडी आली होती. दुसरीकडे दोनदा सील बदलून झालं होतं, दोन्ही वेळा परत गळालं. सील चांगल्या कंपनीचंच होतं, बसवलं पण नीट होतं. चूक होती ब्रीदरची. हाउसिंगच्या वर अंगठ्याएवढी एक टोपी किंवा नळी असते, त्यातून ॲक्सल श्वास घेतो. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, ती ब्रीदरमधून बाहेर जायला पाहिजे. तिथे चिखल वाळून बसला की हवा सीलमधून वाट काढते आणि सोबत तेल घेऊन येते. उलटं पण होतं, तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. ड्रेन नट उघडल्यावर दुधाळ चहाच्या रंगाचं तेल आलं तर समजायचं की पाणी गेलंय, आणि तसंच चालवलं तर बेअरिंगला गंज आणि मग क्राउन पिनियन, म्हणजे ॲक्सलमधले मुख्य गिअर, खराब. त्या गाडीला आम्ही ब्रीदर साफ करून रबरी नळी लावली आणि ती वर इंजिनच्या खोलीत नेऊन बांधली. मुळशी, वेल्हे, भोर या बाजूला ज्यांची गाडी पाण्यातून जाते त्या प्रत्येकाने हे करून घ्यावं असं आमचं ठाम मत आहे, खर्च नळीचा आणि थोड्या वेळाचा.

स्टेअरिंग फडफडतं ही दुसरी मोठी तक्रार. खड्डा आला की ठराविक स्पीडला चाकं थरथरायला लागतात आणि ब्रेक मारून स्पीड पार कमी केल्याशिवाय थांबत नाहीत. लोक स्टेअरिंग डॅम्पर (धक्के शोषणारा दांडा) बदलतात, थोडे दिवस बरं वाटतं, कारण डॅम्पर दुखणं झाकतो, बरं करत नाही. आम्ही आधी किंगपिनचे, म्हणजे नकल ज्या खिळीवर वळतं तिचे, बेअरिंग बघतो. त्यांना शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) टाकून ठराविक ताण द्यायचा असतो आणि तो स्प्रिंग काट्याने नकल ओढून मोजायचा असतो, हाताच्या अंदाजाने नाही. मग टाय रॉड एंड (चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं), व्हील बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा), पाट्यांचे (स्प्रिंगच्या) बुश, टो-इन (पुढची चाकं आत किती वळलीत) आणि टायरचं बॅलन्सिंग. व्हील बेअरिंग टेपर असतात, चाक फिरवत नट घट्ट करायचा म्हणजे रोलर बसतात, मग मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढा मागे घ्यायचा, लॉक वॉशर दुमडायचा. जास्त आवळला की बेअरिंग जळतो, ढिला राहिला की चाक हलतं आणि नवं सील सुद्धा त्या हलण्याने खराब होतं.

आता ब्रेक. शू किंवा पॅड आम्ही दोन्ही बाजूंचे एकदम बदलतो, एकाच बाजूचे कधीच नाही, कारण मग गाडी ओढणारच. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, त्याच्या खाली गेलेली डिस्क लेथवर फिरवून देत नाही, कितीही सांगितलं तरी. एका बाजूचं चाक तापत असेल तर सिलेंडरच्या आधी रबरी होज बघा, जुना होज आतून फुगतो, बाहेरून धडधाकट दिसतो, पायाच्या जोराने ऑइल आत जातं पण परत येत नाही. आणि कृपा करून सिलेंडरचे रबर रॉकेल, डिझेल, पेट्रोलने धुऊ नका, ते फुगतात आणि ब्रेक जाम होतो. ब्रेक ऑइलनेच धुवायचे. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवायची पण नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात जातं, आमची पोरं ओल्या फडक्यानेच पुसतात.

ब्रेक ऑइल संपत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं बदलत नाहीत. पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि आपल्याकडे चार महिने पाऊस. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ डिग्रीला उकळतं, ओलावा शोषल्यावर ही हद्द १४० पर्यंत उतरते. डॉट ४ चं २३० वरून १५५ वर. वरंध घाट किंवा ताम्हिणी भरल्या गाडीने ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलात की चाकातलं ऑइल उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली जातं. हे घाटात होतं, गॅरेजच्या दारात ट्रायल घेताना होत नाही, म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही. दोन वर्षांनी ऑइल बदला आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, गाडी न्यूट्रल करून तर कधीच नाही. डॉट ३ आणि ४ एकमेकांत चालतात, डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात टाकायचं नाही.

फोर व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरावर चालू ठेवू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मातीत ती घसरून जमवून घेतात, डांबरावर तो सगळा पीळ जॉइंट आणि गिअरवर येतो. चारही टायर एकाच साइजचे आणि साधारण सारखे झिजलेले पाहिजेत, त्याचंही कारण हेच. पूर्ण वळवून हळू चालवताना चाकातून कटकट आवाज येत असेल तर चाकाला फिरवणारा ॲक्सलचा जॉइंट गेलाय.

दोन्ही बाजूंचं पूर्ण काम असेल तर गाडी दोन दिवस ठेवावी लागते, लेथचं काम निघालं किंवा पुण्यात नाना पेठेत पार्ट लगेच मिळाला नाही तर तीन. उघडल्यावर फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो, तुम्ही हो म्हटल्याशिवाय पार्ट टाकत नाही, आणि जुने पार्ट पिशवीत भरून परत देतो. शक्य असेल तर उघडल्यावर स्वतः येऊन बघा, आम्हाला समजावून सांगायला आवडतं. नवे शू-पॅड बसायला पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर लागतात, तोवर जोरात ब्रेक टाळा, आणि मग व्हील बेअरिंगचा प्ले तपासायला एकदा गाडी दाखवून जा, त्याचे पैसे घेत नाही.

आणि आणताना गाडी खालून धुऊन आणू नका. तेल कुठून सुटलंय, कुठपर्यंत ओघळलंय ते त्या चिखलावरच दिसतं.